तेल आणि रबर

मागच्या रविवारी तुमच्यातल्या धाकटीने, जिचं आता लग्न ठरलं आहे, फोनवर विचारलं, "आजी, दुखतं का गं? तुला कुणी काही सांगितलं होतं?" मागून तुमची आई म्हणाली, "ठेव तो फोन." मीही गप्प बसले. दोन दिवस स्वतःचाच राग आला, म्हणून आता क्रमाने लिहिते आहे. थोरल्यानेही वाचावं. हे फक्त बायकांचं काम नाही.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. तुमचे आजोबा बदली होऊन नांदेडहून नव्या कचेरीत आले आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. कचेरीत खुर्च्या यायच्या होत्या, कुटुंब नियोजनाचं उद्दिष्ट मात्र आधीच आलं होतं. त्यात दुसऱ्या वर्षीही पाऊस नव्हता. दवाखान्यात हात धुवायला पाणी पुरेना, म्हणून ऑपरेशनची शिबिरं पुढे ढकलली. माझंही नाव यादीत होतं. नर्सने ऑपरेशनऐवजी कंडोमची पाकिटं हातात दिली आणि म्हणाली, "पाऊस पडंस्तोवर यावर भागवा, बाई."

तुमचा मामा तेव्हा अंगावर पीत होता. पाजणाऱ्या बाईला कोरडेपणा येतो, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की नवरा जवळ आला की खरचटल्यासारखं दुखतं, आणि मला तिसरं मूल नको आहे.

अहमदपूरहून जाऊबाई आल्या होत्या. धीर करून त्यांना सांगितलं.

"एवढी इंग्रजी शिकलीस अन् हे कळंना? करडीचं तेल लाव. आमच्याकडं समद्या तेच करत्यात."

"सगळ्या तुम्हाला सांगतात?"

"सांगतंय कोण? तेल लवकर सरलं की कळतंय."

आम्ही दोघी खूप हसलो. तेलाने दुखणं कमी झालं. दोन-तीनदा कंडोम फाटला, तेव्हा आम्ही फुकटच्या मालाला नावं ठेवली. मग माझी पाळी चुकली.

गर्भपात कायद्याने करता येत होता. आम्ही दोघांनी विचार करून ठरवलं, त्याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही नाही. राग पुढच्याचा आहे. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिकलेल्या ना तुम्ही? साधं वापरता येत नाही?" ते बाहेर गेले. तपासणीसाठी त्याच नर्सने हातमोजा चढवला आणि ट्यूबमधून पारदर्शक जेली बोटांवर घेतली. भीती घालवायला काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तेल नाही लावत?"

"तेल? मोजा रबराचा हाय, बाई. तेलानं पिचतो अन् फाटतो. साहेबांची सक्त ताकीद हाय."

"आणि कंडोम कशाचा असतो?"

तिचा हात थांबला. "रबराचाच की."

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"कुणी इचारलंच न्हाई."

मी त्या टेबलावर पाय वर करून पडले होते, आणि दवाखान्यात हातमोज्याची काळजी घ्यायची ताकीद होती. माझ्यासाठी कुणालाही ताकीद नव्हती.

बरी झाल्यावर मी औषधाच्या दुकानात गेले आणि ती जेली मागितली. दुकानदाराने विचारलं, "पेशंट कोण हाय?" मी म्हटलं, "मीच." त्याने ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळली, मग आणखी एका कागदात. दोन्ही कागद काढून मी त्याच्या काउंटरवर ठेवले.

त्या जेलीमुळे दुखणं थांबलं. सुख असतं हे तोवर मी ऐकूनच होते.

तुमच्याकडे दुकानात अशा जेलीच्या, म्हणजे वंगणाच्या, फळीभर बाटल्या असतील. कंडोम वापरत असाल तर पाण्यावर आधारलेलं वंगण घ्या, सिलिकॉनचंही चालतं. तेल, तूप, व्हॅसलिन, अंगाला लावायची क्रीम मात्र रबराच्या कंडोमबरोबर कधीही नको. वासाचं, रंगाचं, गरम वाटायला लावणारं टाळा, आग झाली तर धुवून टाका आणि दुसरं घ्या. वाळलं तर पुन्हा लावा, त्यात कंजूषपणा करू नका. वंगणाने गर्भ किंवा रोग अडत नाही, त्याला कंडोमच लागतो. आणि तरीही दुखलं तर डॉक्टरकडे जा. सोसू नका.

मी जेली आणली त्याच्या पुढच्या महिन्यात नर्स पाकिटं घेऊन दारात आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, तेल लावू नका बरं."

"मला कळलंय. शेजारच्या घरी सांगणार का?"

"तिथं सासू असती."

"सासूसमोर सांगा."

"मला न्हाई जमायचं. लोक काय म्हणतील?"

ती शेजारी गेली. मी दारातून ऐकत होते. पाकिटं दिली, पाणी कधी येणार ते बोलली, निघाली. मी चपला घातल्या आणि त्या घरात शिरले. सून चुलीपाशी होती, सासू ज्वारी निवडत होती. मी दोघींनाही ऐकू जाईल अशा, वर्गातल्या आवाजात सांगितलं. सासूचे हात थांबले. सून मान खाली घालून उभी राहिली. मी पूर्ण सांगून झाल्यावरच बाहेर पडले आणि नर्सला म्हटलं, "चला, पुढचं घर."