नदीने सोडलेली दोन गावं

मी निघाले त्या सकाळी आमच्या अंगणात अर्धं गाव जमलं होतं. आईने बॅगेत सुका जवळा घातला, मी तो काढला, तिने पुन्हा घातला. दादा, म्हणजे माझे वडील, विमानतळावर आले नाहीत. पनवेलजवळची आमची खाडीकाठची गावं नव्या विमानतळात जायची होती आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या घराची मोजणी होती. मोजणीवाले येतील तेव्हा घरात कोणी नाही, हे दादांना चालणार नव्हतं. "तू जा बाय," ते म्हणाले, "आमी हाव हितं." मी विमान पकडायला मुंबईला निघाले होते आणि दुसरा विमानतळ आमच्या ओट्यापर्यंत येऊन ठेपला होता. गाडी वळेपर्यंत मी मागे बघत राहिले. दादा ओट्यावरून उठले नाहीत.

तुमच्यातले काही जण त्या दिवशी अंगणात होते. काही जण नंतर माझ्यासारखेच कुठे कुठे गेलात. तुम्हा सगळ्यांनाच मी ज्या गावात राहते त्याची गोष्ट सांगायची आहे.

मी फिजिओथेरपिस्ट. नोकरी मिळाली ती अमेरिकेच्या दक्षिणेला, लुइझियानातल्या नॅकटिश नावाच्या छोट्या शहरात. नाव तिथल्या मूळ लोकांचं, स्पेलिंग फ्रेंचांचं, त्यामुळे लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच. फ्रेंचांनी नदीकाठी ठाणं बांधलं, कातडी आणि मिठाचा व्यापार सुरू केला, त्यातून शहर झालं. मीठ म्हटल्यावर मला उगीच बरं वाटलं. आमच्या आजाने जन्मभर मिठागरं केली होती.

अजून तिथे विटांचा रस्ता आहे, लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या आहेत, खाली संथ पाणी आहे. पहिल्या आठवड्यात मी एका सहकाऱ्याला म्हटलं, "तुमची नदी छान आहे." तो हसला. "ती नदी नाही, तलाव आहे. नदी कधीच गेली."

खरी गोष्ट मला मिस अडेलकडून कळली. मिस अडेल माझी पेशंट. निवृत्त शिक्षिका, वय ऐंशीच्या पुढे, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. शहराच्या पुढे पाण्याच्या काठाने क्रिओल, म्हणजे फ्रेंच-आफ्रिकी मिश्र वंशाच्या लोकांची जुनी वस्ती आहे, ती तिथली. मी तिच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचे. ती मला 'शेर' म्हणायची. तिकडच्या फ्रेंचमध्ये शेर म्हणजे लाडकी, हे कळेपर्यंत मी स्वतःला वाघ-सिंहच समजत होते.

ती पाय उचलता उचलता सांगायची. "टूरिस्टांना गॅलऱ्या दाखवतात, शेर. माझ्या पणजीची आई दाखवत नाहीत. ती आफ्रिकेतून आणलेली गुलाम. तिच्या मुलांचा बाप फ्रेंच मळेवाला. त्या गॅलऱ्यांच्या विटा आमच्याच लोकांनी भाजल्या." मग दुसरा पाय. "फ्रान्सने हे गाव स्पेनला दिलं, स्पेनने परत फ्रान्सला, फ्रान्सने अमेरिकेला विकून टाकलं. इथे राहणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. सकाळी उठायचं आणि बघायचं, आज कोणाचं निशाण आहे."

"आणि नदी?" मी विचारलं.

"नदीनेही नाही विचारलं. तिने वाट बदलली, लांबून वाहायला लागली. बोटी यायच्या बंद झाल्या. गाव तिथल्या तिथे राहिलं."

तिला चालायचं होतं ते एका कारणासाठी. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी त्यांच्याकडे कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात. मुलगा व्हीलचेअरवरून न्यायला तयार होता. ती म्हणायची, "माझ्या माणसांसमोर मी बसून जाणार नाही."

इकडे आमचं गाव उठत होतं. उलवे नदीचं पात्र वळवलं, टेकडी कापली, शेजारची घरं एकेक करून पडली. गावासाठीच्या नव्या वसाहतीत घर होईपर्यंत आई पनवेलमध्ये भाड्याच्या खोलीत गेली. दादा हलेनात. लाईट तोडली तरी हलेनात. वाद पैशाचा नव्हता, ते मिळाले होते. "आमी निंगालो तर गाव हुतं असा सांगनारा कोन रायल?" एवढंच ते म्हणत. आई फोनवर रडायची. सुरुंगाने उडालेल्या दगडांनी एका घराचे पत्रे फुटले होते. मला रोज वाटायचं, आज फोन येईल तो वाईटच येईल.

एकदा मिस अडेलच्या घरी असतानाच दादांचा व्हिडिओ कॉल आला. मी आमच्या आगरी बोलीत भांडले, ओरडले, रडले. फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "काय झालं ते सांग." मी सांगितलं. ती म्हणाली, "फोन दे माझ्याकडे."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. पांढऱ्या केसांची ती आणि टोपी सरळ करणारे दादा. मध्ये मी दुभाषी. तिने आपल्या गावची नदी गेल्याचं सांगितलं. दादांनी नीट ऐकलं. मग विचारलं, "इचार तिला, नदी गेल्याव मानसा कशी रायली?"

मिस अडेल म्हणाली, "काही जण नदीच्या मागे गेले. माझे लोक राहिले. पण त्यांना सांग, आम्ही घरासाठी नाही राहिलो. घरं तर जळली, पडली, विकली. आम्ही एकमेकांच्या जवळ राहिलो. त्यांच्या गावातली माणसं कुठे गेली?"

मी विचारलं. दादांनी आजूबाजूला बघितलं. फोन थोडा फिरला तेव्हा मलाही दिसलं, मागे फक्त माती होती. "समदी तिकरं गेली," ते हळू म्हणाले. फोन बंद झाला.

ते लगेच हलले नाहीत. पुढचे बरेच दिवस फक्त तिची चौकशी करायचे. "म्हातारी चालतंय का?" मग एका दुपारी आईने सांगितलं, दादा आले. गावदेवी नव्या वसाहतीत नेत होते, तर पालखीला पहिला खांदा त्यांनीच दिला, आणि देवीबरोबर आले ते तिथेच राहिले. मी क्लिनिकच्या पार्किंगमध्ये उभी राहून खूप रडले.

मिस अडेल चालली. वॉकर धरून, दर थोड्या अंतरावर थांबत, पण स्वतःच्या पायांनी. संध्याकाळी सगळी स्मशानभूमी मेणबत्त्यांनी उजळली होती. तिने आपल्या पणजीच्या आईचं नाव मोठ्याने घेतलं. मग माझ्या हातात एक मेणबत्ती दिली. "तुझं कोण आहे?" मी आजाचं नाव सांगितलं. तिला ते म्हणता आलं नाही, तरी तिने दोनदा प्रयत्न केला. परक्या मातीत माझ्या माणसासाठी दिवा लागला, आणि त्या दिवसापासून मी नॅकटिशला 'तिकडे' म्हणायचं सोडलं.

या वेळी मी दिल्लीमार्गे आले आणि नवी मुंबईच्या विमानतळावर उतरले. विमान टेकलं तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसले होते. इथेच कुठेतरी आमचा ओटा. सगळीकडे सारखंच डांबर. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पहिल्यांदाच आलात का इथे?" मी नुसती हसले.

दादा बाहेर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. थकलेले दिसले. मी विचारलं, "दादा, आपलं घर नक्की कुठे होतं हो?"

त्यांनी हात उचलला. आधी एकीकडे दाखवलं, मग दुसरीकडे. खूण कशाची धरायची? टेकडी नव्हती, नदी नव्हती. हात हवेतच राहिला. त्यांना सापडलं नाही. मला वाटलं आता ते खचतील. मी त्यांचा दंड धरला.

आजवर फोनवर ते नव्या घराला 'ती जागा' म्हणायचे. आता त्यांनी हात खाली घेतला, माझी बॅग ओढली आणि म्हणाले, "चल बाय. घरी आई वाट बगतंय. शेजारची समदी जमल्यात."