सोलारियममधली विओलेता

विओलेता आमच्याच जिन्यात, माझ्या वरच्या मजल्यावर राहते. आमच्या एल्ब्लाँग शहराच्या बाजारचौकामागे रेमिगिउशचं सोलारियम, म्हणजे कातडी तपकिरी करून देणारं दुकान होतं, तिथे ती ऐन तरुणपणापासून काउंटरला होती. आमच्याकडे हिवाळ्यात दुपारीच दिवे लावावे लागतात, माणसं पिठासारखी पांढरी दिसतात. मग निळ्या नळ्यांच्या पेटीत जाऊन पडायचं, वरून झाकण ओढून घ्यायचं आणि कातडी भाजून बाहेर यायचं. तपकिरी बाई म्हणजे मजेत असलेली बाई, असा सगळ्यांचा समज.

रेमिगिउश तिला घरी जाण्याआधी हटकून त्या पेटीत झोपायला लावायचा. "फिकट बाई काउंटरला बसली तर गिऱ्हाईक आत येईल का? तू माझी चालतीबोलती पाटी आहेस," असं वर हसून म्हणायचा. गिऱ्हाइकांना काय सांगायचं तेही त्यानेच पढवलं होतं. यातून व्हिटॅमिन मिळतं, मन प्रसन्न राहतं, समुद्रावर जायच्या आधी इथे थोडं भाजून घेतलं की तिकडे कातडी सोलवटत नाही. धडधडीत खोटं. पण ती ते खरं मानून सांगायची, आणि स्वतःही भाजत राहायची.

एका उन्हाळ्यात ती माझ्या बागेत झुडपांवरची आंबट लाल फळं तोडायला आली. आखूड चड्डी घातली होती. पोटरीवर मला काळपट डाग दिसला.

"हे काय गं?"

"तीळच आहे. लहानपणापासूनचा."

"लहानपणी त्याला अशी वेडीवाकडी किनार होती? आणि हा निळसर रंग?"

"मोजा घासतो तिथे. खाज येते, एवढंच."

मी तिला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि सोलारियममध्ये जाता का, असं विचारलं.

"तिथेच कामाला आहे," विओलेता म्हणाली.

"मग या किरणांनी कर्करोग होतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"तब्येतीला चांगलं असतं, असं सांगितलं होतं."

मेलानोमा निघाला, कातडीचा कर्करोग. पोटरीतून तळहाताएवढा तुकडा काढला, जांघेतल्या गाठी काढल्या. आजही संध्याकाळपर्यंत तो पाय सुजून खांबासारखा होतो. रेमिगिउश इस्पितळात फुलं घेऊन आला. मी तिथेच बसले होते.

"कशाने झालं ते उगाच बोलत फिरू नकोस," तो म्हणाला. "हे रक्तातच असतं माणसाच्या. आणि परत येशील तेव्हा जाड मोजे घाल."

ती फुलं मी त्याच्यादेखत कचऱ्यात टाकली. विओलेता मात्र परत कामावर गेली. त्या वयात, त्या पायाने, दुसरं काम कोण देणार होतं तिला? फक्त त्या पेटीत ती पुन्हा झोपली नाही.

जानेवारीत तिच्या धाकट्या भावाची बायको ग्राझिना लेकीला घेऊन तिथे आली. कलिना तेव्हा सतरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षेआधीचा मोठा नाच जवळ आला होता आणि वर्गातल्या मुली तपकिरी होऊन बसल्या होत्या.

"वन्सं, हिला जरा रंग आणा. उघड्या खांद्यांचा झगा आहे आणि पोरगी दिसते दह्यासारखी."

"अठराच्या आतल्यांना बंदी आहे, ग्राझिना. कायदा आहे तसा."

मागून रेमिगिउश म्हणाला, "आई सोबत आहे ना? मग कायदा कशाला काढतेस?"

विओलेताने विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. ती खोलगट, चुरगळलेली पोटरी कलिनाने त्याआधी पाहिली नव्हती.

"असं माझ्या पोरीला घाबरवू नका, वन्सं."

"मला घाबरवायचंय," विओलेता म्हणाली. तिने आतल्या, पेट्यांच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली. "कलिना, कोट घाल."

"बाहेर पडलीस तर परत येऊ नकोस," रेमिगिउश म्हणाला.

"येणार नव्हतेच."

माझ्या स्वयंपाकघरात कलिना रडली. सगळ्यांत ती एकटीच पांढरी दिसणार होती. तेव्हा आम्ही रंग आणणारा फेस आणला. तो कातडीच्या वरच्या मेलेल्या थराला तेवढा रंगवतो, आठवड्याभरात निघून जातो, आत भाजत काही नाही. विओलेताने आधी तिचे हात-खांदे खरखरीत कापडाने घासले, मग हातमोजा घालून फेस पसरवला. कोपराला पट्टे उठले. कलिना आरशात पाहून हसायला लागली.

"आत्या, कोपरं गाजरासारखी झालीत."

"गाजर धुऊन निघतं. पण ऐक, या रंगाने ऊन अडत नाही. उन्हाळ्यात क्रीम लावायचं, टोपी घालायची, दुपारी सावलीत बसायचं."

"मग तर मी पांढरीच राहणार."

"राहा की. काय बिघडतं?"

विओलेताने सरकारी आरोग्य खात्याकडे तक्रार केली. तपासणी झाली, रेमिगिउशने मुकाट्याने दंड भरला आणि त्याच पेट्या स्टेशनपलीकडे नव्या नावाने मांडल्या. बाईच्या पायाचं मांस गेलं, आणि याचं फक्त पाटी बदलण्यावर भागलं. अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

विओलेता आता बेकरीत बसून पाव विकते, ठरल्या वेळी तपासून घेते. अजून तरी काही नवं निघालेलं नाही. कलिना अठराची झाली, आता तिला कुणी अडवणार नाही, तरी ती त्या वाटेला जात नाही. ग्राझिना मात्र स्टेशनपलीकडे जाते. भेटली की विओलेता तिला विचारते, "पाठीवरचे तीळ डॉक्टरीणबाईंना दाखवलेस का?" आणि ग्राझिना स्वयंपाकाचं, हवेचं काहीतरी काढून विषय बदलते.