आजोळ विचारणारे साहेब

आमच्या चाकणच्या कंपनीत नोकरी मागायला आलेल्या माणसाला पर्सोनेलचे साहेब पहिला प्रश्न एकच विचारत, "आजोळ कुठलं?" सर्टिफिकेटं नंतर. कधी कधी ती बघायची राहूनच जात. कामगार पाठीमागे त्यांना आजोळसाहेब म्हणत आणि साहेबांना ते ठाऊक होतं. "बापाचं गाव कागदावर असतंय," ते म्हणत, "आजोळ अंगात असतंय."

साहेब मावळातले, जुन्या शेतकरी घरातले. गावांबद्दल त्यांचं शास्त्र पक्कं होतं. ज्या गावात एसटी मुक्कामाला असते, तिथली माणसं पहिल्या शिफ्टला वेळेवर येतात. मोठ्या जत्रेच्या गावची माणसं खाडे करतात, कारण पाहुणे हलत नाहीत. तालमीच्या गावचा माणूस पॅकिंगला द्यायचा नाही, तो खोकी फोडतो. हे सगळं ते इतक्या गंभीरपणे सांगत की आम्ही माना डोलवत असू. "मी जातपात बघत न्हाई," हेही ते त्याच दमात सांगत आणि त्यांना ते अगदी खरं वाटे.

आयटीआय करून मी फिटरच्या जागेसाठी आलो, तेव्हा जागा एक आणि आम्ही दोघे उरलो होतो. दुसरा दिघीचा शब्बीर. बापाचं गॅरेज, लहानपणापासून हातात पाना. टेस्ट अशी, की लोखंडी पट्टीत कानशीने चौकोनी खाच करायची आणि तीत दुसरा तुकडा बसवायचा. उजेडाला धरल्यावर फट दिसता कामा नये. शब्बीरच्या जॉबमधून, म्हणजे त्या जोडलेल्या तुकड्यांमधून, तसूभरही उजेड येत नव्हता. माझ्या फटीतून समोरच्या कँटीनचा बोर्ड वाचता येत होता.

साहेबांनी दोन्ही जॉब, कागद उडू नयेत म्हणून, फायलीवर ठेवले.

"आजोळ?"

"दिघीच, साहेब. मामा मागच्याच गल्लीत राहतात," शब्बीर म्हणाला.

साहेब अडचणीत आले. "दिघीत माझ्या वळखीचं कोण न्हाई रं. चौकशी कुणाकडं करायची?"

त्यांच्या मनात त्याच्याविषयी वाईट काही नव्हतं. काहीच नव्हतं, आणि तिथेच त्याचं काम बिघडलं. माझं आजोळ मात्र साहेबांच्या गावच्या शिवेला लागून निघालं. "मग बघतोस काय? लाग कामाला!"

शब्बीरने आपला जॉब उचलला, "मुबारक हो, भावा," म्हणाला आणि गेला. मला लाज वाटली आणि आनंदही झाला. खोटं कशाला बोलू, आनंद जास्त झाला.

साहेबांनी मला आकुर्डीत खोली बघून दिली. वडील दवाखान्यात होते तेव्हा रोज स्वतः डबा घेऊन येत. मला कानस नीट धरता यावी म्हणून एका म्हाताऱ्या फिटरच्या हाताखाली सहा महिने ठेवलं. ज्याला काम येतं त्याला परत पाठवायचं आणि ज्याला येत नाही त्याला शिकवत बसायचं, यात साहेबांना काही वावगं वाटलं नाही. पगार चालू असल्यामुळे मीही काही बोललो नाही.

साहेब रिटायर झाले आणि काही वर्षांनी फिटर निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी जॉबवर नावाऐवजी नंबर ठोकायला लावले. नावांची यादी निवड झाल्यावरच उघडायची. पहिल्याच खेपेला साहेबांचा नातू टेस्टला बसला. "पोरगं आपलंच हाय," असा साहेबांचा फोनही आला. अकरा नंबरच्या जॉबमधून उजेड दिसला, म्हणून मी तो बाजूला काढला. यादी उघडली, तर अकरा नंबर म्हणजे नातूच.

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. जॉब खिशात घालून साहेबांच्या घरी गेलो. तीच आमची शेवटची भेट ठरली, त्यामुळे शब्दन् शब्द लक्षात आहे.

साहेबांनी जॉब खिडकीकडे धरला. इतक्या वर्षांत त्यांना असं करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"दिसतोय रं उजेड."

"हो, साहेब."

"तुझ्यातनं बी दिसत हुता?"

"कँटीनचा बोर्ड दिसत होता."

या माणसाच्या जिवावर मी उभा राहिलो होतो आणि त्याच्याच नातवाला नको म्हणत होतो.

"तवा ह्याच नियमानं बघितलं असतं, तर तू कुठं असतास?"

"बाहेर, साहेब. शब्बीर आत असता."

साहेबांनी जॉब माझ्या हातात परत दिला आणि आत चहा टाकायला सांगितलं.

"खरं बोललास," ते म्हणाले. "आजोळचा गुण हाय."