हवालदाराची झाडं

लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर शेषेराव मुखेडजवळच्या आपल्या गावी आले आणि त्यांनी बांधावर कडुलिंबाची झाडं लावली. उन्हाळाभर सायकलला घागरी बांधून पाणी आणायचे. ज्वारीवरची पाखरं कधी हाकलायचे नाहीत. "सावलीनं माझं सोयाबीन पिवळं पडून राहिलं," म्हणून शेजारच्या वावरातला धाकटा भाऊ नरसिंग भांडायचा. "मी हाय तोवर कुऱ्हाड लागायची न्हाई," एवढंच ते म्हणायचे.

शेषेराव गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि तेवढ्यात, नरसिंगनं उद्या लाकूडतोड्याला बोलावल्याचं शेषेरावांच्या बायकोच्या, तारामतीच्या कानावर आलं. तिनं राखेचं गाठोडं उचललं, बांधावर गेली आणि झाडाझाडाच्या बुडाशी राख पसरून वर पाणी ओतलं.

"वैनी, येड लागलं का? राख गंगेत सोडत असतेत!" नरसिंग वावरातून ओरडला.

"गंगेला लई लोक हायत. ह्या झाडायला मी एकलीच हाय. चालवा आता कुऱ्हाड भावाच्या अंगावर."

दुसऱ्या दिवशी लाकूडतोड्यानं राख पाहिली, चपला काढून हात जोडले आणि तो परत गेला. मुखेडात लाकूडतोडे आणखी होते, हे तारामतीला ठाऊक होतं. ती बांधावरून उठली नाही.