टेमघरचे बावीस लूम

"टेमघरचं सूत तुम्ही तोडलंत, शरच्चंद्रराव! म्हणून शिफ्ट बंद करावी लागली."

"वा! शिफ्ट बंद होणार म्हणून मी सूत थांबवलं. आता खापर माझ्या डोक्यावर?"

"मी कुठे काय ठरवलं? कागदावर होतं!"

"माझ्याही कागदावर तेच!"

शरच्चंद्र सूत पाहायचे, पंढरी साळवी शिफ्ट. दोघांच्या मधे टेबलावर तो कागद होता, मुंबईच्या कॉम्प्युटरवर छापलेला, कडेला भोकं असलेला. शहात्तर साली शेठजींनी ही पद्धत आणली. कारकून अवधूतने दर शुक्रवारी टेमघर धरून तिन्ही शेडमधले चालू लूम मोजून फॉर्म भरायचा. कुठे किती सूत, कुठली शिफ्ट, ते सोमवारी छापून यायचं. तेव्हापासून या दोघांनी शेडमध्ये पाय ठेवला नव्हता.

अवधूतला कोण अभिमान! "मशीनला मी सांगतो, मग मशीन साहेबांना सांगतं," असं तो पानवाल्याला ऐकवायचा.

आज तो टाचण्यांची डबी उगाच हलवत बसला होता. गेल्या शुक्रवारी पूर्णा गावात लग्न होतं, अंगात नवी टेरिकॉटची पँट. टेमघरच्या शेडमध्ये कापसाचा भुगा चिकटतो. तिकडे न जाताच त्याने आधीच्या आठवड्याचा आकडा उतरवला. नऊ. त्या आधीच्या आठवड्यात वीज अर्धवटच येत होती, म्हणून नऊच लूम चालू होते.

दारात अंजूर गावची गुणाबाई उभी होती. टेमघरला लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची, सोमवारपासून घरी बसलेली.

"गेल्या शुक्करवारी बावीस लूम चालू व्हते. कांड्या भरून माजी बोटं सोलली."

"इथे नऊ आहेत," शरच्चंद्र म्हणाले. "मशीन खोटं बोलत नाही, बाई."

"मशीन आलं व्हतं का मोजाया?"

साळवी हसले, आणि मधेच थांबले. दोघेही एकदम अवधूतकडे वळले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं.

"अवधूत, आजचा फॉर्म चारला निघेल," साळवी म्हणाले. "गेल्या वेळचा आकडा चुकला असेल तर आत्ता सांग, सोमवारी शिफ्ट उघडेल. नाहीतर शेठजी ते लूम भाड्याने देतायत."

गुणाबाई जवळ आली. आवाज उतरला. "दादा, माज्या पोरीच्या बारशाला तुमी जेवून गेलाव. तुमी आला व्हता का मोजाया? येवढंच सांगा."

अवधूतचे कान तापले. नजर गुडघ्यावर गेली. आजही तीच पँट होती, अजून कोरी.

कोरा फॉर्म त्याने पेपरवेटखाली सरकवला. उठला, तिला धक्का लागू नये म्हणून अंग चोरत दाराबाहेर पडला, आणि जिना उतरून थेट घराकडे गेला.