सातशे जणांच्या संपर्कातला माणूस

आनंदा तासगावकरांच्या फोनमध्ये सातशे माणसं होती आणि त्या सातशेंनाही ते न चुकता शुभेच्छा पाठवत. संक्रांत, पाडवा, कर्नाटकचा राज्योत्सव, काही म्हणजे काही सुटत नसे. जुन्या हुबळीत त्यांचा शिवणकामाचा कारखाना होता. आठ मशीन, अकरा बायका, आणि धारवाडजवळच्या बेलूरच्या एका मोठ्या फॅक्टरीतल्या कामगारांचे युनिफॉर्म. बाकीच्या ऑर्डरी म्हणजे नुसतं तोंडी लावणं.

फॅक्टरीचं काम आणलं होतं त्यांच्या अप्पांनी. अप्पांना नेटवर्किंग हा शब्दच माहीत नव्हता. दर दसऱ्याला ते बसनं धारवाडला जात, मळमड्डी भागात राहणाऱ्या फॅक्टरीच्या स्टोअरकीपर बाळाचार्यांच्या हातात आपट्यासारखीच सोनं म्हणून वाटायची बन्नीची पानं देत, त्यांच्या बायकोच्या, कृष्णाबाईंच्या, हातचं खात आणि धंद्याचं अवाक्षर न काढता परत येत. आनंदांना हे सगळं फार गावठी वाटे. अप्पा गेल्यावर त्यांनी एका बिझनेस क्लबात नाव घातलं आणि दर बुधवारी हॉटेलात इडली खात व्हिजिटिंग कार्डं वाटली. दसऱ्याला बन्नीच्या पानांचा फोटो, त्याखाली स्वतःचा हसरा चेहरा, आणि एक बोट दाबलं की सातशे घरी पोच. पाच वर्षं हेच चाललं. चप्पल न झिजवता नाती टिकतात, केवढी ही सोय!

यंदा फॅक्टरीत नवे साहेब आले आणि युनिफॉर्मचं काम बेंगळुरूच्या कंपनीला द्यायची भाषा सुरू झाली. आनंदांच्या तोंडचं पाणी पळालं. क्लबातल्या झाडून सगळ्यांना त्यांनी फोन केले. सगळे 'नक्की बघतो' म्हणाले आणि एकानंही बघितलं नाही.

"अण्णा, बाळाचार्य रिटायर झाले तरी नवे साहेब त्यांनाच विचारतात म्हणे," मशीनवरची योगिता म्हणाली. सगळ्यांत जुनी कामगार ती. "जाऊन भेटा की त्यांना. काम गेलं तर आम्ही अकरा जणी कुठं जायचं?"

दसऱ्याच्या दिवशी आनंदा बन्नीची पानं घेऊन मळमड्डीला पोचले. दाराला तोरण नव्हतं, उंबऱ्यात रांगोळी नव्हती. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, इतका जीव टांगणीला लागला होता.

"बन्नी घ्या आचार्य, सोन्यासारखं राहू या!"

बाळाचार्यांनी हात पुढे केला नाही. "आमच्याकडे यंदा सण नाही," ते म्हणाले.

मागच्या भिंतीवर कृष्णाबाईंचा फोटो होता. त्याला हार होता. माणूस गेलेल्या घरी वर्षाच्या आत बन्नी घेऊन कुणी जात नाही, हे तिकडे पोरासोरांनाही कळतं.

"मला कुणी कळवलंच नाही हो," आनंदा पुटपुटले.

म्हाताऱ्यानं चष्मा लावला, फोनमध्ये शोधलं आणि तो त्यांच्यापुढे धरला. जूनमधला मेसेज होता. 'कृष्णा आज पहाटे गेली. तुमच्या अप्पांनी तिला बहीण मानलं होतं, म्हणून कळवतो.' त्याखाली, त्याच मिनिटाला आलेलं उत्तर: 'संदेशाबद्दल आभार! आपल्याशी असलेलं नातं हीच आमची पुंजी. लवकरच संपर्क करू.'

ते उत्तर फोन आपलं आपणच पाठवत असे. तशी सोय क्लबात शिकून आनंदांनीच करून ठेवली होती. धरणीनं पोटात घ्यावं असं त्यांना झालं. तरीही, मेली लाज, अकरा जणी डोळ्यांपुढे आल्या आणि तोंडून निघूनच गेलं, "आचार्य, साहेबांकडे माझ्यासाठी एक शब्द टाकला असतात तर..."

"विचारलं होतं त्यांनी. तासगावकर माणूस कसा आहे म्हणून. शिलाई चांगली असते, म्हटलं. माणसाचं काय सांगणार? तुमच्या अप्पांचं विचारलं असतं तर तासभर बोललो असतो." मग ते म्हणाले, "परवा सही झाली. बेंगळुरूला गेलं काम."

आता उठायचं, हुबळीला जायचं आणि योगिताला सांगायचं. पण आनंदांना उठवेना. लहानपणी अप्पांबरोबर आले असताना याच खोलीत फोटोतल्या या बाईनं 'पोटभर खा रे' म्हणत त्यांच्या ताटात दुसऱ्यांदा वाढलं होतं, आणि ती जाऊन चार महिने झाले तरी त्यांना पत्ता नव्हता. त्यांना खरोखरच भरून आलं.

"काकूंना काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

बाळाचार्यांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"काम तर गेलं तुमचं," ते म्हणाले. "मग आता कशाला विचारता?"