तांब्यावरचा पेला

भिंत आत बसली तेव्हा लेकरू माझ्या काखेत होतं, त्याची आई कमल अंगणातल्या चिखलात, आणि आजी गंगाबाई घरात. धूळ उडाली नाही. ओली माती ती… धप्प झालं आणि संपलं.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी औसा तालुक्यातली. भूकंपात घर गेलं, घरातली माणसं गेली. त्यांच्यातलं कुणी परत येऊन माझ्याशी बोललं नाही. म्हणून झालं तेवढंच सांगते.

गेल्या पावसाळ्यात मुखेडकडच्या एका गावात पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर आमच्या बचत गटाच्या बायका मदतीला गेल्या. गावाबाहेर माळावर पत्र्याचे शेड उभे राहत होते. मी स्वतः कित्येक वर्षं पत्र्यात काढली, म्हणून लोकांना समजावून तिकडं न्यायचं काम माझ्याकडं होतं. सगळे आले, गंगाबाई येईना. सून ओली बाळंतीण, माळावरचं वारं लागेल म्हणून तिला जुन्या दगडमातीच्या घरात ठेवलेली. खाटेखाली शेगडी, खिडकीला गोणपाट. आणि भिंतीनं खालून पोट काढलेलं.

"गंगाबाई, भिंत भिजलीय. वाळताना पडंल."

"माझ्या सासऱ्यानं बांधलीय, अक्का. तुमच्या पत्र्यात बाळंतीण गारठून मरंल."

"आतून ताडपत्री लावून देते की."

"ती तुमीच पांघरा."

दुपारी मी तिथंच ठाण मांडलं. भूकंपापासून आमच्याकडं एक सवय आहे — तांब्याच्या काठावर स्टीलचा पेला तिरका ठेवायचा. जमीन हलली की पेला पडतो. पडला की काही विचारायचं नाही, बाहेर पळायचं. मी कुठंही बसले तरी ठेवते. तिथंही भिंतीजवळ ठेवला.

गंगाबाई हसली. "भूकंप लातूरला झाला व्हता, अक्का. हितं पान्यानं मारलंय. तहान लागली तर सांगा, भरून देते."

थोड्या वेळानं पेला पडला. फरशीवर स्टील आपटून गरगरत जातं, तोच आवाज. मी लेकरू उचललं, "बाहेर!" म्हणून ओरडले. कमल पोट धरून माझ्या मागं पळाली.

अंगणातून वळून बघितलं, तर गंगाबाई आत तांब्याला गुडघा लावून बसलेली. "काय झालं?"

"पेला पडला न्हाई का!"

"कुठं पडला? हा काय जागेवर हाय. येडी का काय ही बाई! लेकराला वारं लागंल, टोपरं तरी घाला…" असं म्हणत ती उठून कोनाड्याकडं वळली.

माणसांनी माती उपसली तेव्हा तांब्या सापडला. वर एक लाकूड आडवं अडकलेलं, त्याच्या खाली तांब्या उभा. काठावर पेला, मी ठेवला तसाच तिरका. मी हात लावला नाही.

कमलनं विचारलं, "मावशी, तुमीबी ऐकला ना?"

"हाव."

शेडचं काम बघणारा इंजिनिअर म्हणाला, भिंत पडायच्या आधी आतले दगड सरकतात, त्याचा आवाज असेल. असेलही. पण दगडाचा आवाज मला माहीत आहे, आणि स्टीलचाही. बरं, दगडाचाच म्हणा — मग भिंतीला सगळ्यांत जवळ बसलेल्या बाईला तो का ऐकू आला नाही? हे मला अजून कुणी सांगितलं नाही.

कमल आणि लेकरू आता माळावर पत्र्यात राहतात. मी माझ्या घरी आहे. गंगाबाई नाही.